वाऱ्याला वाट, दातांना जाळी

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात राहतो. गेल्या वर्षी घरामागं विटांच्या चार भिंती, वर टीन आणि एक हातभर खिडकी असं खुराडं बांधलं. मुंगूस आणि कुत्र्यांच्या भीतीनं मुद्दाम पक्कं केलं. ४२ गिरिराज जातीच्या कोंबड्या होत्या. मे अखेरीच्या नवतप्यात एका दुपारी ११ मेल्या, दुसऱ्या दिवशी आणखी ६. डॉक्टर म्हणाले, रोग नाही, ऊन लागलं. आता ते पाडून ५० पक्ष्यांसाठी जाळीचं मोकळं शेड करायचं म्हणतोय. जागा ३० बाय २० फूट आहे. पश्चिमेला शेजाऱ्यांची भिंत, नैऋत्येच्या कोपऱ्यात मोठा कडुनिंब. जुनी टीनं वापरता येतील का? सासूबाई म्हणतात, जाळीतून साप शिरेल. शिवाय आमच्या काळ्या मातीत खांब टिकत नाहीत, कुंपणाचे सगळे वाकलेत. कसं बांधू?
– एक वाचक भगिनी, ता. दर्यापूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि मला माझं पहिलं खुराडं डोळ्यांपुढं आलं. तेही असंच होतं, पक्कं, विटांचं, वर टीन. मे महिन्यात लग्नाला गेलो होतो, दुपारी चारला परतलो. दार उघडलं तर २३ कोंबड्या दाराशी पडलेल्या. सगळ्यांच्या चोची एकाच दिशेला, दाराखालच्या बोटभर फटीकडं. तेवढ्याच जागेतून हवा येत होती. ती फट मी आजही विसरलेले नाही. पुढं जे जे बांधलं, ते त्या फटीकडं बघून बांधलं. म्हणून तुम्हाला सविस्तर लिहिते.

आधी कोंबडीचं अंग समजून घ्या. तिला घाम येत नाही, घामाच्या ग्रंथीच नसतात. अंगचं तापमान ४१-४२ अंश. उष्णता बाहेर टाकायला तिच्याजवळ दोनच वाटा. तुरा, लोंब, पाय, पंखाखालची उघडी कातडी यांवरून वारा गेला की थोडी निघते. बाकी सगळी धाप टाकून, तोंडाच्या ओलाव्यावाटे. पत्र्याच्या बंद खोलीत दोन्ही वाटा बंद होतात. हवा हलत नाही आणि ४२ पक्ष्यांच्या श्वासानं आतली हवा दमट होते, मग धापेचाही उपयोग राहत नाही. त्यात डोक्यावरचं टीन तव्यासारखं पाठ भाजत असतं. तुमच्या कोंबड्या एका दुपारीच का गेल्या, ते यावरून कळेल.

म्हणजे आपल्याकडं खुराड्याला भिंती हव्यात त्या मुंगसासाठी, आणि मुंगसाला जाळीही अडवते. वाऱ्याला अडवायचं काहीच कारण नाही, दुपारचे पाच-सहा तास सोडून. त्या तासांबद्दल पुढं वेगळं लिहिते, कारण तिथंच बरेच जण चुकतात.

जागेपासून सुरू करू. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, १५ फूट. रुंदी १० फूट. १५० चौरस फूट झाले, म्हणजे पक्ष्यामागं ३. गावठी पद्धतीच्या कोंबड्यांना २ फूट पुरतात असं सांगतात, ते बरोबरही आहे, पण आपल्या उन्हाळ्यात दाटी म्हणजे शेजारणीच्या अंगाची ऊब फुकट घेणं. ५० साठी बांधताय तर ५० च ठेवा, पोळ्यापर्यंत ८० करू नका. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त दोन आखूड बाजूंवर येतं. त्या दोन्ही बाजू बांबूच्या तट्ट्यांनी आढ्यापर्यंत बंद करा. पश्चिमेच्या तट्ट्याला खाली कड्या लावा, म्हणजे रात्री तो वर उचलून बांधता येईल. लांब बाजू, उत्तर आणि दक्षिण, पूर्ण जाळीच्या.

पश्चिमेची शेजाऱ्यांची भिंत चार वाजल्यानंतर सावली देईल हे खरं. पण विटेची भिंत दिवसभर तापते आणि रात्री दहापर्यंत ती धग टाकत राहते. हात लावून बघा एकदा जेवणानंतर. म्हणून तिच्यापासून निदान ८ फूट अंतर सोडा. कडुनिंब तुमचं भाग्य आहे. फक्त शेडवर थेट आलेल्या फांद्या छाटून घ्या, वळवाच्या वादळात मोडतात आणि रानमांजर त्यांवरूनच उतरतं. दक्षिणेला ६-७ फुटांवर शेवग्याची चार खुंटं लावा. पाणी मिळालं तर वर्षभरात सावली धरतो, आणि पानं कोंबड्या आवडीनं खातात.

आता काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा देते आणि खांबाला दर वर्षी हलवते. म्हणून कुंपणाचे खांब वाकलेत, तुमच्या गवंड्याचा दोष नाही. शेडच्या जागेची काळी माती दीड फूट उपसून टाका, तिथं मुरूम भरा, पाणी मारत थराथरानं चोपा, आणि जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर वर आणा. खांबांचे खड्डे त्याहून खोल, अडीच फूट, आणि त्यात गिट्टी-सिमेंट. लाकडी बल्ल्या वापरणार असाल तर जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर लावा, नाहीतर वाळवी दोन वर्षांत खाईल. आतली जमीन चोपलेल्या मुरमाचीच ठेवा, वर शेणामातीचं सारवण. उन्हाळ्यात तूस दोनच इंच पसरा, पावसाळ्यात चार करा. एका कोपऱ्यात वाळू आणि चुलीची राख यांचा ढीग ठेवा. दुपारी कोंबड्या तिथं खड्डा करून पोट टेकून बसतील, खालचा गारवा घेतील आणि उवाही झाडतील.

छताला सगळ्यात जास्त जीव लावा. आपल्याकडं मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. नवतपा लागतो तेही त्याच दिवसांत. त्या वेळी ऊन भिंतींवर येतच नाही, सगळं छतावर पडतं. जुनी टीनं वापरा, नवी घेऊ नका. मध्ये १० फूट उंची, कडेला ७ फूट. दोन उतार करा, पण वर एकमेकांना भिडवू नका. एक उतार दुसऱ्याच्या वर फूटभर पुढं येऊ द्या आणि दोघांमध्ये ९ इंचांची फट सोडून तिला जाळी मारा. गरम हवा वर चढते, तिला निघून जायला जागा पाहिजे. गवंडी म्हणेल पाणी येईल. वरचा उतार पुढं आलेला असेल तर येत नाही, माझ्याकडं १४ पावसाळे झाले. कडेचे पडवे चारही बाजूंनी ३ फूट बाहेर काढा. उत्तरेलाही काढा, कारण नवतप्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचं ऊन थोडं उत्तरेकडूनच येतं, हे लोकांच्या ध्यानात येत नाही.

टिनाच्या वर होळी झाली की तुराट्यांच्या पेंढ्या आणि त्यावर गवत, असा वीतभर थर द्या, आणि वरून जुनं मासेमारीचं जाळं किंवा तार ताणून बांधा, नाहीतर वादळ वावरात नेऊन टाकेल. हौसेनं कपाशीच्या पऱ्हाट्या घालू नका. घरी ढिगानं पडलेल्या असतात, मोह होतो, पण त्यांच्या उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या कपाशीवर येते. सकाळी दहाला आणि दुपारी दोनला त्या थरावर बादलीभर पाणी मारा. पहिल्या मोठ्या पावसाआधी थर उतरवा, चुलीला सरपण झालं. थर देणं जमलं नाही तर निदान चुना विरवून, त्यात डिंक घालून टिनाला दोन हात मारा. मी दोन्ही करून, कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर थर्मामीटर टांगून बघितलं आहे. चुन्यानं फरक पडतो, पण तुराट्यांखालच्या गारव्याची सर त्याला नाही. एक मात्र सांभाळा, वाळलेला थर आणि विजेची उघडी वायर यांचा संबंध येऊ देऊ नका. बल्बची वायर पाइपातूनच घ्या, आणि चुलीची ठिणगी उडेल इतकं शेड जवळ नको.

आता सासूबाईंची शंका, आणि ती रास्त आहे. जोत्यावर चारही बाजूंना विटेची फूटभर भिंत, त्याहून उंच नको, कारण कोंबडी बसते तिथंच वारा लागला पाहिजे. भिंतीच्या वर ३ फुटांपर्यंत अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा डागून केलेली चौकोनी जाळी. तिथून छतापर्यंत साधी षटकोनी कोंबडीजाळी चालेल, खाली मात्र ती चालणार नाही. कुत्रं ती दातानं फाडतं, आणि तिच्या भोकातून मुंगसाचं पिल्लू जातं. भिंतीच्या बाहेर जमिनीलगत फूटभर रुंद वेल्डमेश आडवी अंथरून वर मुरूम टाका. उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं, पंजा जाळीला लागला की सोडून देतं. घुशीलाही तेच औषध. दाराखालची फट बोटानं मोजा, बोट जात असेल तर पट्टी मारा. अर्ध्या इंचाच्या जाळीतून मोठा नाग किंवा धामण शिरत नाही, अगदी बारीक साप शिरू शकतो, हे सासूबाईंना खरं सांगा. पण साप येतो तो उंदरांमागं आणि अंड्यांमागं. खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवलं, संध्याकाळी अंडी उचलली, आणि शेडभोवती दहा फूट गवत-अडगळ ठेवली नाही, तर त्याचं येणंच कमी होतं. लहान पिलं पहिले दोन महिने रात्री घरातच डालग्याखाली ठेवा.

आत फार काही लागत नाही. बसायला दोन इंच जाडीच्या गोल बल्लीच्या तीन दांड्या, प्रत्येकी १३ फूट. एका कोंबडीला नऊ इंच धरले तर ५० बसतात. तिन्ही एकाच उंचीवर, जमिनीपासून दोन फूट. एक उंच आणि एक खाली केलीत तर सगळ्या उंच दांडीसाठी भांडतात आणि नेमक्या तापल्या टिनाजवळ जाऊन बसतात. अंड्यांसाठी दहा टोपल्या, उत्तरेच्या भिंतीलगत. टिनाचे डबे नकोत, त्यात बसलेली कोंबडी अंडं घालता घालता मरते, हे मी पाहिलं आहे.

आणि आता ते दुपारचे तास. मोकळं शेड बांधलं, वारा खेळतो, आता काळजी मिटली असं वाटतं. पण बाहेर ४५ अंश असतात तेव्हा हवाच कोंबडीच्या अंगापेक्षा गरम झालेली असते. तो वारा तिला थंड करत नाही, भाजतो. म्हणून साधारण अकरा ते पाच पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येणाऱ्या झळा ओल्या गोणपाटातून गाळून घ्यायच्या. पश्चिमेच्या तट्ट्याला आणि उत्तर बाजूच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागाला गोणपाटं टांगा, दर तासाला ओली करा. दक्षिण बाजू आणि उत्तरेचा पूर्वेकडचा अर्धा भाग उघडाच ठेवा, आत आलेली हवा बाहेर गेली पाहिजे. आपल्याकडं मे महिन्यात धुतलेलं लुगडं अर्ध्या तासात वाळतं इतकी हवा कोरडी, म्हणूनच ओल्या गोणपाटाचा गुण येतो. दिवस मावळला की सगळी गोणपाटं वर गुंडाळा, पश्चिमेचा तट्टा उचला. दिवसभर अंगात साठलेली धग कोंबडी रात्रीच बाहेर टाकते. रात्र गार मिळाली तर दुसरी दुपार ती काढते. तुमच्या आणखी ६ दुसऱ्या दिवशी गेल्या त्या याचमुळं असाव्यात, रात्री त्याच तापलेल्या विटांच्या खोलीत होत्या.

पाण्याचं सांगते. ५० पक्ष्यांना एरवी १२-१५ लिटर पुरतं, नवतप्यात दुप्पट, कधी त्याहून जास्त धरा. तुमच्या गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी असेल तर दुपारी एकला तिच्या नळाखाली हात धरा. हाताला सोसत नाही ते पाणी कोंबडी पीत नाही, तोंड लावून मागं फिरते, आणि आपण समजतो भांडं भरलेलं आहे. मातीचे परळ घ्या, सावलीत वाळूवर ठेवा, दिवसातून तीनदा पाणी बदला. खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं खारं पाणी नको, त्यानं विष्ठा पातळ होते आणि तहान भागत नाही. तुम्ही पिता तेच पाणी द्या. आणि दुकानातली क्षारांची पुडी खाऱ्या पाण्यात तर मुळीच मिसळू नका, गोड्या पाण्यात थोडा गूळ आणि लिंबू पुरे.

खाद्य पहाटे आणि दिवस मावळताना. दहा ते पाच खाद्याची भांडी उचलून ठेवा. पोटात धान्य गेलं की ते पचवताना अंग आणखी तापतं.

चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, अशी कोंबडी दिसली तर ती धडपडतेय, घाबरू नका, पाणी आणि गोणपाट बघा. पण मान टाकली, तुरा काळपट झाला, पाय लटपटले तर वेळ दवडू नका. बादलीत माठाचं साधं पाणी घ्या, बर्फाचं नको, आणि तिला मानेपर्यंत दोन-तीन मिनिटं बुडवा. डोकं वर राहू द्या. मग ओल्या अंगानंच सावलीत वाऱ्यात ठेवा. सगळ्या वाचत नाहीत, पण माझ्याकडं बऱ्याच वाचल्यात.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते, हात आखडता घ्यायचाच असेल तर दारात, रंगात, टोपल्यांत घ्या. मुरूम आणि खालची वेल्डमेश यांत घेऊ नका. पाडलेल्या भिंतींच्या विटा फूटभर भिंतीला पुरून उरतील. आणि बांधायला दिवाळीनंतर घ्या. तेव्हा जमिनीला ओल असते, उपसायला सोपी जाते, आणि शेवग्याला उन्हाळ्याआधी मूळ धरायला वेळ मिळतो. पाऊस येईल तेव्हा दक्षिण आणि पश्चिमेला पडदे लागतील. पडदा खाली पक्का करा आणि दोरीनं वर ओढायचा ठेवा, वर दीड फूट नेहमी मोकळं राहील असा. वरून खाली सोडायचा पडदा केलात तर दमट वाफ आत कोंडते आणि तूस ओलं होतं.

प्रश्न : माझ्या ५० कोंबड्या गुहागरला आहेत. मागच्या एका अंकात वाचून मी ओली गोणपाटं लावली, जमिनीवरही पाणी मारलं. कोंबड्या आणखीच धापा टाकू लागल्या. काय चुकलं?
– एक वाचक, ता. गुहागर

उत्तर : दादा, चूक तुमची नाही, ते वऱ्हाडाचं औषध आहे. तुमच्याकडं मे महिन्यात घाम अंगावरून वाळत नाही, तसंच कोंबडीच्या तोंडचा ओलावाही उडत नाही. त्यात तुम्ही आणखी पाणी हवेत सोडलंत. गोणपाटं आजच काढा. तुमच्याकडं पारा आमच्याइतका चढत नाही, म्हणून तुमचा वारा दुपारीसुद्धा उपयोगाचा आहे. चारही बाजू मोकळ्या करा, छत उंच करा, वर नारळाच्या झापांचा जाड थर द्या. वीज असेल तर छताचा पंखा लावू नका, एका टोकाला उभा पंखा लावून वारा आडवा, कोंबड्यांच्या उंचीवरून जाऊ द्या. तूस ओलं राहतं का ते रोज मुठीत धरून बघा, गोळा झाला तर बदला. पश्चिमेकडचा पावसाचा मारा अडवायला पडवी मात्र तीनच्या जागी चार-पाच फूट घ्या.

प्रश्न : एप्रिल लागला की आमच्या कोंबड्यांच्या अंड्यांचं कवच कागदासारखं होतं. आणि खुडूक कोंबडीखाली १२ ठेवली तर तीनच पिलं निघाली. खाद्य तेच आहे.
– एक वाचक भगिनी, जि. लातूर

उत्तर : धाप टाकताना कोंबडीच्या श्वासावाटे कर्बवायू फार निघून जातो, आणि कवच बनायला चुन्याबरोबर तोही लागतो. शिवाय उन्हात ती खाते कमी, म्हणजे चुनाही कमी जातो. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत, संध्याकाळी ठेवा. कवच रात्रीतून चढतं, तेव्हा तो पोटात असला पाहिजे. खाद्यात मिसळू नका, जिला हवा ती खाईल.

पिलांचं कारण वेगळं. अंडं २०-२१ अंशांच्या वर राहिलं की आतला जीव कोंबडी बसायच्या आधीच अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. तुमच्या घरात मे महिन्यात रात्रीही तेवढा गारवा नसतो. म्हणून उन्हाळ्यात खुडूक कोंबडी बसवूच नका. तिला उघड्या जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस टांगून ठेवा, खुडूकपणा जातो. मृग बरसून हवा गार झाली की बसवा. तोवर कोंबडे वेगळे ठेवलेत तर खायची अंडी जास्त दिवस टिकतील, आत जीवच नसतो ना. अंडी दिवसातून तीनदा गोळा करा, आणि ओल्या वाळूत अर्ध्यापर्यंत पुरलेल्या माठात ठेवा, तोंडावर ओलं फडकं बांधून.